खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी कॅज्युअल्टीत फॅशिया इलियाका ब्लॉक: क्रम कुठे चुकतो

फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणजे जांघेतल्या फॅशिया इलियाका या पडद्याखाली लोकल अ‍ॅनेस्थेटिक (जागा बधिर करणारं औषध) सोडून मांडीच्या नसा बधिर करणं. ‘ब्लॉक दिला, पण लागला नाही’ हे वाक्य कॅज्युअल्टीत फार ऐकू येतं. खोलात गेलं की बहुतेक वेळा कळतं ते असं: औषध पुरेसं गेलं होतं, जागाही फारशी चुकली नव्हती, पण सुई काढल्यावर दहाव्या मिनिटाला पेशंटला एक्स-रेच्या टेबलावर उचललं. किंवा डोस वजनावर काढलाच नव्हता. किंवा ब्लॉकआधी ओपिऑइड (मॉर्फिनसारखं वेदनाशामक) भरपूर देऊन झालं होतं आणि दुखणं थांबल्यावर आजी गाढ झोपल्या, श्वास मंदावला, आणि दोष ब्लॉकवर आला. सुई टोचण्याचं काम पाच-सात मिनिटांचं असतं. खरी कसोटी त्याच्या आधीच्या वीस आणि नंतरच्या तीस मिनिटांची.

हा लेख कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली हा ब्लॉक शिकत असलेल्या किंवा शिकलेल्या डॉक्टरांसाठी आहे, आणि त्यांच्यासोबत उभ्या राहणाऱ्या सिस्टरांसाठीही. एकदाही कोणाचा हात पाहिला नसेल, तर वाचून सुई उचलू नका.

## टप्पा १: आधी पेशंट, मग पाय

खुबा मोडलेली व्यक्ती बहुधा सत्तरीच्या पुढची असते आणि ती ‘घसरून’ पडलेली असते. हे घसरणं तपासून घ्या. चक्कर आली होती का, छातीत दुखलं का, शुद्ध हरपली का, बोलणं अडखळतंय का? शुगर आणि ईसीजी ब्लॉकआधी झालेच पाहिजेत. डोकं आपटलंय आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, तर सीटी स्कॅन कधी करायचा ते आधी ठरवा. पेशंट किती तास जमिनीवर पडून होता हेही विचारा. रात्री बाथरूममध्ये पडलेली एकटी म्हातारी माणसं सकाळी दूधवाला आल्यावर सापडतात. तेव्हा शरीरातलं पाणी, किडनी आणि पाठीवरची कातडी या तिन्हींचा प्रश्न असतो.

त्यानंतर दुखणं मोजा. स्वस्थ पडल्यावर किती आणि पाय जरासा हलवल्यावर किती, हे दोन वेगळे आकडे लिहा. निश्चल पडलेली आजी ‘बरं आहे बाळा’ म्हणते, आणि चादर बदलताना किंचाळते. स्मृतिभ्रंश असेल तर आकडा विचारून उपयोग नाही. चेहरा, कण्हणं, हात झिडकारणं, श्वासाची लय यावरून अंदाज घ्या.

पॅरासिटामॉल लगेच सुरू करा, ब्लॉकची वाट पाहू नका. पन्नास किलोच्या वर १ ग्रॅम, त्याखाली किलोला १५ मिलिग्रॅम. ओपिऑइड लागलंच तर थेंबाथेंबाने: मॉर्फिन १-२ मिलिग्रॅम शिरेतून, किंवा फेंटानिल २५ मायक्रोग्रॅम, मग थांबून पाहणं. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेची २०११ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: दुखणं आल्याबरोबर मोजा, औषध दिल्यावर अर्ध्या तासात पुन्हा मोजा, आणि पॅरासिटामॉल-ओपिऑइडने भागत नसेल किंवा ओपिऑइड कमी ठेवायचं असेल तर नर्व्ह ब्लॉक द्या.

नेहमीची चूक: दारातच डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. आपल्याकडे हे हाताला इतकं बसलंय की ऑर्डर लिहायच्या आधी सिरिंज भरलेली असते. या वयात, या किडन्यांवर, उद्या ऑपरेशन असताना ते नको. नाइसही या पेशंटना एनएसएआयडी (डायक्लोफिनॅकच्या गटातली औषधं) देऊ नका असंच सांगते. ट्रॅमाडॉलबाबतही हात आखडता ठेवा. उलट्या, भ्रम, क्वचित झटके, आणि डिप्रेशनच्या गोळ्यांशी त्याचं जमत नाही.

शेवटी पायाची तपासणी: पावलाची नाडी, पावलाच्या वरच्या आणि खालच्या बाजूची संवेदना, घोटा वर-खाली करणं. हे लिहून ठेवा, वेळेसकट. ब्लॉकनंतर मांडी बधिर होणारच. पण पाऊल वर उचलता येत नसेल तर ते आधीपासून होतं की नंतर झालं, हे सांगणारा तुमच्याकडे दुसरा पुरावा नसतो.

एक्स-रे आधी की ब्लॉक आधी? पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर निदान जवळपास झालेलंच असतं. पोर्टेबल मशीनवर खाटेवरच समोरून एक फोटो घ्या, फ्रॅक्चर पक्कं करा, ब्लॉक द्या, आणि बाजूचा फोटो ब्लॉक चढल्यावर काढा. पोर्टेबल नसेल तर वरिष्ठांशी बोलून ठरवा. निदान शंकास्पद असताना मात्र फोटोशिवाय ब्लॉक देऊ नका.

## टप्पा २: कुठे थांबायचं

पेशंटचा नकार, सुईच्या जागी जखम किंवा संसर्ग, लोकल अ‍ॅनेस्थेटिकची खरी अ‍ॅलर्जी: इथे विषय संपला. जांघेत रक्तवाहिनीचं बायपास ऑपरेशन झालं असेल तर कॅज्युअल्टीत हा प्रयोग नको. गाडीखाली सापडून मांडी चेंगरलेली असेल, किंवा मांडीच्या मधल्या हाडाचं फ्रॅक्चर असून मांडी टणक सुजली असेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोमचा (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याचा) विचार आधी करा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय बधिर करू नका.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांमुळे मात्र अनेक जण विनाकारण मागे हटतात. ही जागा वरवरची आहे, रक्त आलं तर दाबता येतं. गोळी कोणती, शेवटची कधी, याची नोंद करून, सोनोग्राफीखाली, अनुभवी हाताने ब्लॉक देता येतो. पाठीच्या मणक्यातल्या भुलीचे नियम जसेच्या तसे इथे आणायचं कारण नाही.

संमती घेताना ‘भूल’ हा शब्द एकटा वापरलात तर घरच्यांना वाटतं ऑपरेशन सुरू झालं. सरळ सांगा: ‘आजी, जांघेजवळ एक इंजेक्शन देणार आहे. अर्ध्या तासात मांडी जड आणि बधिर होईल, दुखणं बरंच उतरेल. पूर्ण जाईलच असं नाही. बधिरपणा काही तासांनी ओसरतो. तोवर उठायचं नाही.’ मुलगा हमखास विचारतो, ‘पाय कायमचा लुळा नाही ना पडणार?’ नसेला कायमची इजा होणं फार दुर्मीळ आहे, शून्य नाही, हे त्याला त्याच शब्दांत सांगा.

## टप्पा ३: कोणता ब्लॉक

खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या आवरणाला फेमोरल, ऑब्ट्युरेटर आणि काहींमध्ये अ‍ॅक्सेसरी ऑब्ट्युरेटर नस संवेदना पुरवते. मागच्या बाजूचा पुरवठा सायटिककडच्या फांद्यांतून येतो. म्हणून मांडीच्या पुढून दिलेला कोणताही ब्लॉक दुखणं शून्यावर आणेलच असं नाही. हे माहीत असलं की पुढे उगाच दुसरा डोस देण्याचा मोह होत नाही.

कॅज्युअल्टीसाठी माझी पसंती सुप्रा-इंग्वायनल फॅशिया इलियाका, म्हणजे इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या आडव्या बंधाच्या) वरच्या बाजूला औषध पोचवणारा प्रकार. फेमोरल आणि मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस या दोन्ही त्यात सापडण्याची खात्री जास्त. लिगामेंटच्या खालून दिलेला इन्फ्रा-इंग्वायनल प्रकार शिकायला सोपा, तोही चालतो; ऑब्ट्युरेटर नस त्यात बहुधा सुटते. पेंग ब्लॉक (खुब्याच्या पुढच्या आवरणाच्या नसांजवळ औषध सोडणारा) सध्या चर्चेत आहे आणि त्यात मांडीची ताकद बरीच शाबूत राहते, पण सुई खोल जाते, फेमोरल रक्तवाहिन्या वाटेत असतात. भूलतज्ज्ञांच्या हाती तो शोभतो. रात्रपाळीच्या कॅज्युअल्टीत तो पहिला ब्लॉक म्हणून शिकू नका.

## टप्पा ४: डोस कागदावर मांडा

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून सावकाश.

टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात. ०.५ टक्के म्हणजे मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, ०.२५ टक्के म्हणजे २.५ मिलिग्रॅम. साध्या ब्युपिव्हाकेनची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम धरा, रोपिव्हाकेनची ३. वय फार, अंगात प्रथिनं कमी, यकृत किंवा हृदय कमकुवत असेल तर त्याहूनही खाली राहा.

आता खाटेवरच्या आजी. वजन? काट्यावर उभ्या राहू शकत नाहीत. नातू म्हणतो ‘पन्नास-पंचावन्न असेल’. मनगट बघा, गालफडं बघा. घरचे लोक बहुधा दहा वर्षांपूर्वीचं वजन सांगतात. तुम्ही ४० किलो धरलंत. मर्यादा झाली ८० मिलिग्रॅम.

आपल्याकडे ब्युपिव्हाकेन ०.५ टक्क्याच्या २० मिलिलिटरच्या बाटलीत मिळतं. म्हणजे अख्खी बाटली १०० मिलिग्रॅम. ‘एक बाटली आणि तेवढंच सलाइन’ हा जो तोंडपाठ नुस्खा आहे, तो या आजींना मर्यादेपलीकडे नेतो. त्याऐवजी बाटलीतलं १५ मिलिलिटर घ्या, म्हणजे ७५ मिलिग्रॅम, आणि त्यात १५ मिलिलिटर सलाइन घाला. झालं ३० मिलिलिटर, ०.२५ टक्के. पडद्याखाली आणखी पसरायला हवं असेल तर सलाइन वाढवा: १५ औषध आणि २५ सलाइन, एकूण ४० मिलिलिटर. हा ब्लॉक पसरण्यावर चालतो, आणि पसरायला पाणीही पुरतं. औषध वाढवायची गरज नसते. बाटलीत उरलेलं ५ मिलिलिटर टाकून द्या, ‘वाया कशाला’ म्हणून भरू नका.

कातडी बधिर करायला वापरलेलं लिग्नोकेनही हिशेबात येतं. १ टक्क्याचं २ मिलिलिटर पुरे.

तपासा: हातातली बाटली साधी आहे ना? स्पायनलसाठीची ‘हेवी’ ब्युपिव्हाकेनची ४ मिलिलिटरची अँप्यूल यासाठी नाही. त्यात डेक्स्ट्रोज असतं. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड आणि लोकल अ‍ॅनेस्थेटिक एकाच ट्रेमध्ये कधीही ठेवू नका. अँप्यूल उघडणारा आणि भरणारा, दोघांनी लेबल मोठ्याने वाचा. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नाव आणि टक्केवारी चिकटवा.

## टप्पा ५: सामान आणि खाट

मॉनिटर लावलेला: ईसीजी, रक्तदाब, ऑक्सिजन. शिरेतली लाइन चालू आणि तपासलेली. ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग हाताशी. आणि लोकल अ‍ॅनेस्थेटिकच्या विषबाधेवरचा उतारा, २० टक्के लिपिड इमल्शन, कुठे आहे, हे आत्ता जाऊन डोळ्यांनी बघा. ‘ओटीत असतं’ हे उत्तर चालणार नाही. ओटीला रात्री कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेलेले असतात. बाटली कॅज्युअल्टीत आणून ठेवता येत नसेल तर ब्लॉक सुरू करू नका.

बाकीचं: बोथट टोकाची ब्लॉक सुई (खालच्या प्रकाराला ५० मिलिमीटर, वरच्याला ८० ते १००), एक्स्टेंशन ट्यूब, पडदे वेगळे करायला १० मिलिलिटर सलाइनची वेगळी सिरिंज, निर्जंतुक प्रोब कव्हर आणि जेल, अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन, ग्लोव्हज, ड्रेप.

सोनोग्राफी मशीनबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा: पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली मशीन नोंदणीकृत हवं आणि नोंदलेल्या जागेबाहेर ते परस्पर हलवता येत नाही. रेडिओलॉजीतलं मशीन रात्री ढकलत आणण्याआधी रुग्णालयाच्या प्रशासनाशी हे एकदाच नीट ठरवून घ्या. ऐन वेळी कॉरिडॉरमध्ये वाद घालून पेशंटचं दुखणं कमी होत नाही.

खाट तुमच्या कमरेच्या उंचीवर. तुम्ही दुखऱ्या बाजूला, मशीनचा पडदा समोरच्या बाजूला, म्हणजे सुई, प्रोब आणि चित्र एका रेषेत. पेशंट उताणा. पाय सरळ करायचा प्रयत्न करू नका. आहे त्या स्थितीत उशीचा आधार द्या.

आता कपडे. परकराची नाडी आणि साडीच्या निऱ्या नेमक्या जिथे प्रोब टेकायचा तिथेच असतात. नऊवारी असेल तर कासोटा सोडायला मांडी उचलावी लागते, आणि तीच गोष्ट टाळायची आहे. घरच्या बाईमाणसाला विचारून कात्रीने कापा. बाजूला पडदा ओढा, सिस्टर किंवा मावशी जवळ असू द्या, आणि उघडं ठेवायचं तेवढंच उघडा. जांघेवर बहुधा तेल, बाम किंवा वैदूचा लेप असतो. तो आधी साबणपाण्याने पुसून काढा, तेलकट कातडीवर अँटिसेप्टिक बसत नाही. सुटलेलं पोट खाली लोंबत असेल तर सहकाऱ्याने हाताने, किंवा चिकटपट्टीने, वर धरा.

## टप्पा ६: बाजू

ग्लोव्हज घालायच्या आधी जागेवर मार्करने खूण. पेशंटला विचारा, एक्स-रे बघा, केसपेपर बघा. मग सगळं मांडून झाल्यावर, सुई कातडीला लावण्याच्या अगदी आधी, पुन्हा थांबा आणि बाजू मोठ्याने बोला. ब्रिटनमध्ये यासाठी ‘स्टॉप बिफोर यू ब्लॉक’ ही मोहीम चालवली गेली. चुकीच्या बाजूला ब्लॉक जाण्याचा धोका पहिल्या तपासणीनंतर, ड्रेप घातल्यावर, कोणीतरी हाक मारून गेल्यावर वाढतो. म्हणून दुसरा थांबा वेगळा ठेवायचा.

## टप्पा ७: सोनोग्राफीखाली सुई

जास्त फ्रीक्वेन्सीचा लिनिअर प्रोब, खोली तीन ते चार सेंटीमीटर. स्थूल पेशंटमध्ये जास्त.

७.१ आधी ओळख पटवा. जांघेच्या घडीला समांतर, आडवा प्रोब. ठोके देणारी काळी गोल ती फेमोरल धमनी. तिच्या आतल्या बाजूला दाबल्यावर मिटणारी शीर. धमनीच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खोल, पांढरट त्रिकोणी नस. तिच्या खाली इलियाकस स्नायू, आणि स्नायूवर व नसेवर ताणलेली पांढरी चकचकीत रेघ: हीच फॅशिया इलियाका. तिच्याही वर फॅशिया लाटाची दुसरी रेघ असते. नवशिके नेमके या दोन रेघांत फसतात. धमनीच्या वरून जाते ती लाटा. धमनीच्या बाहेरून खाली उतरून नसेवर पसरते ती इलियाका.

७.२ वरच्या प्रकारासाठी प्रोब फिरवा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटाने शोधा. प्रोब उभा, त्या टोकाच्या किंचित आतल्या बाजूला, लिगामेंटवर. पोटाकडचा इंटर्नल ऑब्लिक स्नायू आणि मांडीकडचा सार्टोरियस एकमेकांकडे निमुळते होत येतात. याला बो-टायचं चित्र म्हणतात. गाठीच्या खाली इलियाकस. फॅशियाच्या वर ठोके देणारी एक बारीक धमनी दिसते, डीप सर्कम्फ्लेक्स इलियाक. ती शोधल्याशिवाय सुई घालू नका. रक्तस्राव टाळायला ती लागते, आणि औषध बरोबर गेलं का हे तीच सांगते. हवं तर कलर डॉप्लर लावा.

७.३ सुई. कातडी बधिर करा. प्रोबच्या पायाकडच्या टोकापासून, प्रोबच्या रेषेत, डोक्याच्या दिशेने. खालच्या प्रकारात बाहेरच्या टोकापासून आतल्या दिशेने. टोक दिसत नसेल तर सुई पुढे ढकलू नका. प्रोब हलवा, सुई नाही. फॅशिया टोकाखाली दबते, मग सुटल्याचं हाताला जाणवतं.

७.४ सलाइनने खात्री. एक-दोन मिलिलिटर सलाइन सोडा आणि चित्र बघा. बरोबर जागी असाल तर दुधावरची साय चमच्याने उचलावी तशी पांढरी रेघ स्नायूवरून अखंड उचलली जाते आणि मध्ये काळी फट पडते. स्नायूच फुगून त्यात धुरकट डाग दिसला तर खोल गेलात, जरा मागे या. रेघेच्या वर पाणी साचलं तर अजून पोचला नाहीत. काहीच दिसत नसेल तर थांबा. पाणी गेलं आणि पडद्यावर काही हललं नाही, याचा अर्थ टोक चित्राबाहेर आहे किंवा रक्तवाहिनीत आहे.

७.५ औषध. आता औषधाची सिरिंज. प्रत्येक ५ मिलिलिटरआधी ओढून बघा, रक्त नाही ना. सावकाश सोडा. पेशंटशी बोलत राहा: ओठाभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव, असं काही वाटतंय का? जोर लावावा लागत असेल, किंवा पायात वीज गेल्यासारखी कळ आली, तर लगेच थांबा आणि सुई मागे घ्या. वरच्या प्रकारात औषध डोक्याच्या दिशेने सरकताना ती बारीक धमनी वर उचलली गेली पाहिजे. औषध सुईभोवतीच गोळा होत असेल तर पोकळी उघडत जाईल तसं टोक थोडं पुढे न्या.

नेहमीची चूक: फेमोरल नसेच्या शेजारीच जाऊन औषध ओतणं. या ब्लॉकचा फायदाच हा की सुई नस आणि धमनी दोन्हींपासून दूर राहते. नसेचा मोह आवरा.

## टप्पा ८: सोनोग्राफी नसेल तेव्हा

खुणांवरून दिलेला ब्लॉक कमी भरवशाचा, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. बोथट सुई मात्र अनिवार्य. साध्या इंजेक्शनच्या तीक्ष्ण सुईला पडदे सुटल्याचं कळतच नाही. ब्लॉक सुई नसेल तर एपिड्युरलची टुओही सुई चालते.

कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि प्युबिक ट्यूबरकल (ओटीपोटाखालच्या हाडाचा उंचवटा) यांना जोडणारी रेघ मार्करने आखा. तिचे तीन समान भाग करा. बाहेरचा एक तृतीयांश जिथे संपतो, त्या बिंदूपासून १ सेंटीमीटर पायाकडे खूण करा. आता फेमोरल नाडी चाचपा. ती खुणेच्या आतल्या बाजूला दीड-दोन सेंटीमीटर तरी हवी. जवळ लागत असेल तर आखणी चुकली आहे, पुन्हा मोजा. जाड पेशंटमध्ये प्युबिक ट्यूबरकल घाईत चुकतं आणि सगळं आत सरकतं.

कातडीला आधी छोटं छिद्र करून घ्या, नाहीतर कातडीच सुटल्याचा पहिला झटका समजून मोजली जाते. मग सुई साधारण ६० अंशांत, डोक्याकडे. पहिला झटका फॅशिया लाटा, दुसरा फॅशिया इलियाका. दुसऱ्यानंतर सुई आडवी करून एक-दोन मिलिमीटर पुढे, ओढून बघा, आणि औषध विनासायास गेलं पाहिजे. हाताला विरोध जाणवला तर टोक स्नायूत आहे. दुसरा झटका नक्की आला की नाही अशी शंका असेल, तर आला नाही असं समजा आणि पुन्हा करा.

## टप्पा ९: अर्धा तास हात लावू नका

सुई काढल्याची वेळ केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि खाली ‘यानंतर ३० मिनिटं पेशंट हलवू नये’. वॉर्डबॉय मामांना तोंडी सांगा, कारण एक्स-रेचा फोन त्यांनाच येतो.

नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन पहिली पंधरा मिनिटं दर पाच मिनिटांनी, मग तिसाव्या मिनिटाला. श्वासाची गती मोजा, मॉनिटरवरचा आकडा उतरवू नका. दुखणं हीच आतापर्यंत पेशंटला जागं ठेवणारी गोष्ट होती. आधी मॉर्फिन दिलं असेल, तर ब्लॉक चढताना ते जास्त झाल्यासारखं होतं. गुंगी येणारी आजी ‘आराम पडला’ म्हणून सोडून देऊ नका. हाक मारा, उत्तर घ्या.

तिसाव्या मिनिटाला स्पिरिटचा बोळा मांडीच्या पुढच्या आणि बाहेरच्या बाजूला लावा आणि दुसऱ्या मांडीशी तुलना करायला सांगा. गार लागत नसेल तर ब्लॉक बसलाय. मग पाय अलगद थोडा बाहेर वळवून दुखणं पुन्हा मोजा आणि टप्पा १ मधल्या आकड्याशेजारी लिहा.

गार लागतच असेल आणि दुखणंही तेवढंच असेल, तर ब्लॉक फसला. पुन्हा पूर्ण डोस देता येत नाही. दिलेलं औषध शरीरातच आहे. पॅरासिटामॉल आणि मोजकं ओपिऑइड चालू ठेवा, भूलतज्ज्ञांना कळवा, आणि किती मिलिग्रॅम किती वाजता गेलं हे त्यांना सांगा. गार लागत नाही पण दुखणं उरलंय, तर मागच्या बाजूची नस किंवा दुसरी इजा आठवा. कमरेच्या कड्याचं फ्रॅक्चर सुटलेलं असू शकतं.

## टप्पा १०: लोकल अ‍ॅनेस्थेटिकची विषबाधा झाली तर

बडबड वाढणं, अस्वस्थता, ओठ बधिर, स्नायू फडफडणं, झटका, नाडी मंद किंवा वेडीवाकडी. म्हाताऱ्या पेशंटमध्ये ‘भ्रम झालाय’ म्हणून हे नजरेआड होतं. ब्लॉकनंतरच्या पहिल्या तासात वागणं बदललं की आधी हाच संशय घ्या.

इंजेक्शन थांबवा, मदतीला हाक मारा, १०० टक्के ऑक्सिजन द्या, श्वासमार्ग सांभाळा. झटक्याला मिडॅझोलाम. लिपिड इमल्शन २० टक्के: किलोला १.५ मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत, मग किलोला दर मिनिटाला ०.२५ मिलिलिटर. आपल्या ४० किलोच्या आजींना ६० मिलिलिटर झटपट, नंतर मिनिटाला १० मिलिलिटर. ७० किलोच्या वरच्या पेशंटला पहिला डोस १०० मिलिलिटर. स्थिती सुधारली नाही तर पहिला डोस पुन्हा देता येतो. एकूण मर्यादा किलोला १२ मिलिलिटर. हृदय बंद पडलं तर सीपीआर चालू ठेवायचं, बराच वेळ, पण अ‍ॅड्रेनालिन नेहमीचं १ मिलिग्रॅम नाही. किलोला १ मायक्रोग्रॅमपर्यंतच. हृदयाच्या लयीसाठी लिग्नोकेन देऊ नका.

प्रोपोफॉल दुधासारखं दिसतं म्हणून ते लिपिडच्या जागी देणारे अजून भेटतात. त्यातलं लिपिड पुरेसं नसतं, आणि त्याने रक्तदाब आणखी कोसळतो.

## टप्पा ११: वॉर्डात काय लिहून पाठवायचं

कोणता ब्लॉक, कोणती बाजू, औषध, टक्केवारी, एकूण मिलिग्रॅम, वेळ, आधीची आणि नंतरची दुखण्याची नोंद, पावलाची आधीची तपासणी. मिलिग्रॅम आणि वेळ लिहिली नाही तर दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ आंधळेपणाने काम करतात, आणि टाके घालताना सर्जनने जखमेत टोचलेलं ब्युपिव्हाकेनही त्यावर चढतं.

ब्युपिव्हाकेनचा परिणाम साधारण आठ ते बारा तास टिकतो, कधी त्याहून जास्त. संध्याकाळी सातला दिलेला ब्लॉक पहाटे ओसरतो, जेव्हा वॉर्डात एक सिस्टर आणि चाळीस खाटा असतात. म्हणून पॅरासिटामॉल ‘दुखल्यास’ असं लिहू नका. दर सहा तासांनी, वेळा टाकून लिहा. पहाटेच्या दुखण्यासाठी ओपिऑइडचा एक छोटा डोसही आत्ताच लिहून ठेवा.

मांडीची ताकद गेलेली असते. कठडे वर, उठायचं नाही, लघवीला बेडपॅन. लघवी अडकली का ते बघा. बधिर पायाची टाच गादीवर दाबली गेली तरी पेशंटला कळत नाही, म्हणून पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा आणि दर पाळीला टाच उघडून बघा. वजन लावून कातडीचं ट्रॅक्शन अजून बऱ्याच ठिकाणी सवयीने बांधतात. ऑपरेशनआधी त्याने दुखणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि बधिर पायावर घट्ट पट्टीखाली कातडी फाटते ती वेगळीच. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी आग्रह धरला तर ब्लॉक चढल्यावर बांधा, आणि पट्टी केव्हा उघडून पाहायची ती वेळ त्याच कागदावर टाका.